सीटकव्हरखाली गाडलेलं बकल

मागच्या महिन्यात वाईजवळच्या एका गावात लग्न होतं. जेवणं उरकल्यावर मंडपाच्या कडेला खुर्च्या ओढून आम्ही दहा-बारा जण पान चघळत बसलो होतो, तेवढ्यात मामांच्या मोबाइलवर ई-चलान येऊन पडलं. मागच्या सीटवरच्या माणसाने बेल्ट लावला नव्हता, दंड हजार रुपये. पुढचा अर्धा तास त्या हजार रुपयांनी खाल्ला. आधी खड्डे बुजवा मग दंड मागा, असं एक जण म्हणाला. ही सगळी वसुली आहे, असं दुसरा. 'माझी छाती, माझी गाडी, लावीन नाहीतर नाही लावणार,' असं तिसरा, आणि त्याच्या बोलण्यावर सगळ्यात जास्त माना डोलल्या. बेल्टच्या बाजूने बोलणारे एकटे निवृत्त गुरुजी होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की नियम आहे ना, मग पाळायचा. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. 'डॉक्टर, तुम्ही रोज बघता. तुम्हीच सांगा.'

मी १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे, दहा वर्षांहून जास्त झाली, आणि त्यातली बहुतेक पुणे-सातारा पट्ट्यात गेली. त्या दिवशी मंडपात मी फारसं बोललो नाही, कारण मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसत होत्या. आज सविस्तर सांगतो. बेल्टचा प्रश्न आज्ञापालनाचा आहे असं मला वाटत नाही, आणि स्वातंत्र्याचाही तो वाटतो तितका नाही. तो वेळेचा प्रश्न आहे. अपघातात शरीराला जे व्हायचं ते एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होऊन जातं. पुण्याच्या कॉल सेंटरवरून मला केस मिळते, आमचा पायलट (रुग्णवाहिकेच्या चालकाला आम्ही पायलट म्हणतो) गाडी काढतो, आणि रस्ता मोकळा असला तरी पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. पाच मिनिटांत पोहोचलो तरी मी उशिराच आलेला असतो. त्या दहाव्या हिश्श्यात गाडीत हजर असलेला मदतनीस म्हणजे बेल्ट. आणि मागच्या सीटवर जो तो लावत नाही, तो फक्त स्वतःचा जीव पणाला लावत नाही. पुढे बसलेल्याचाही लावतो, त्याला न विचारता.

स्पॉटवर उतरल्यावर आम्ही पेशंटच्या आधी गाडीवर एक नजर टाकतो. गाडी बरंच सांगते. पुढच्या काचेला आतून बाहेर आलेला फुगवटा आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या, की कुणाचं तरी डोकं तिथे आदळलेलं असतं; चिरांमध्ये कधी कधी केस अडकलेले असतात. डॅशबोर्डच्या खालच्या प्लास्टिकला गुडघ्याएवढा खड्डा असेल तर मांडीचं हाड आणि खुबा तपासायचा. पुढच्या सीटची पाठ मोडून पुढे झुकली असेल तर मागून काहीतरी जड येऊन आदळलं आहे, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा माणूस असतं. मग विचारायचं, 'बेल्ट लावला होता का?' या प्रश्नाला लोक सर्रास खोटं उत्तर देतात. शेजारी पोलीस उभा असतो, विम्याची धास्ती असते, कधी नुसती लाज असते. पण शर्टाची दोन बटणं काढली की खरं उत्तर समोर येतं. बेल्ट लावलेल्याच्या खांद्यापासून छातीभर एक तिरका, लालजांभळा वळ उमटलेला असतो, आणि ओटीपोटावर एक आडवा. तो वळ दिसला की, खरं सांगतो, मला हायसं वाटतं.

लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणजे बेल्टने इजा होतेच की! होते. बेल्टमुळे फासळ्या मोडतात, छातीच्या मधलं हाड तडकतं, गळ्याजवळची हाडकी मोडते. कमरेचा पट्टा हाडावर न बसता वर पोटावर सरकलेला असेल तर आतड्याला दुखापत होते, आणि ती फसवी असते, दोन-चार तास कळतच नाही. म्हणूनच असा वळ असलेल्या माणसाला 'काही नाही झालं, घरी जा' असं आम्ही कधीच म्हणत नाही. पण फासळ्या मोडल्याची तक्रार करायला माणूस जिवंत लागतो. मोडलेली फासळी सहा आठवड्यांत सांधते. काचेवर आपटलेल्या मेंदूचं तसं नसतं, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना या दोन इजांची तुलना करत बसावंसं वाटत नाही.

जरा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या मोकळ्या शरीराचा वेग १४ मीटर उंचीवरून पडणाऱ्या माणसाइतका असतो, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. ताशी १०० असेल तर ३९ मीटर, तेराव्या मजल्याच्या आसपास. गच्चीचा कठडा धरून उभे राहणारे आपण, गाडीत मात्र 'समोरच्या सीटला हात लावून सावरतो की' असं म्हणतो. हात कशाला कशाला सावरणार? ताशी ५० च्या धडकेत आईच्या मांडीवरचं दहा किलोचं बाळ सव्वाशे-दीडशे किलोच्या पोत्यासारखी ओढ घेतं. जगातली कुठलीही आई ते धरून ठेवू शकत नाही. हे वाक्य मी बऱ्याच आयांना सांगितलं आहे, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा राग मला मान्य आहे. गाडीचं बोनेट चेपतं ते उगाच नाही. ते चेपताना गाडीला थांबायला जे हात-दीड हात अंतर मिळतं, ते आतल्या माणसालाही मिळावं अशीच ती रचना असते. पण हे अंतर गाडीला बांधलेल्या माणसालाच मिळतं. न बांधलेला माणूस गाडी थांबल्यानंतरही आपल्या जुन्याच वेगात पुढे जात राहतो आणि काचेवर, खांबावर किंवा दुसऱ्या माणसावर थांबतो. एअरबॅगचंही तेच. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत, प्रचंड जोराने फुगते, आणि तिची सगळी आखणी बेल्टने मागे रोखलेल्या माणसासाठी केलेली असते. बेल्ट नसलेला माणूस तिच्याकडे वेळेआधीच झेपावलेला असतो. 'आपल्या गाडीला सहा एअरबॅग आहेत' हे वाक्य, म्हणून, मला कधीच दिलासा देत नाही.

आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोहलिन या अभियंत्याने तयार केला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला खुलं केलं. गंमत अशी, की बोहलिन त्याआधी लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. वैमानिकाला यंत्रातून बाहेर फेकून वाचवणं हा ज्याचा पेशा, त्याने मोटारीसाठी मात्र माणसाला आत धरून ठेवणारी वस्तू घडवली. मंडपात एकाने सांगितलेला किस्सा मला इथे आठवतो: त्याच्या चुलतभावाने बेल्ट लावला नव्हता, तो दार उघडून बाहेर फेकला गेला आणि म्हणून वाचला. असा एक चुलतभाऊ प्रत्येक गावात असतो, आणि त्याचं वाचणं खरंच असतं. पण जे फेकले गेले आणि दुभाजकावर डोकं आपटून किंवा आपल्याच गाडीखाली येऊन गेले, ते लग्नाच्या मंडपात किस्सा सांगायला येत नाहीत. त्यांना मी आणतो. फेकलेला माणूस शोधायला रात्री बॅटरी घेऊन कडेच्या उसात उतरावं लागतं, हेही त्या किश्शात नसतं.

आता 'माझी छाती' या मुद्द्याकडे येतो, कारण विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा तोच आहे आणि त्याला हसून उडवणं बरोबर नाही. प्रौढ माणसाने स्वतःपुरता किती धोका पत्करायचा हे सरकारने ठरवावं का, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवरची बेल्टसक्ती ३१ जानेवारी १९८३ ला लागू झाली. त्याआधीची कित्येक वर्षं संसदेत विधेयकं येत होती आणि पडत होती, आणि पाडणाऱ्यांमध्ये नागरी स्वातंत्र्याबद्दल मनापासून बोलणारी माणसं होती. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात आजही प्रौढांना बेल्टची सक्ती नाही. राज्याचं ब्रीदवाक्यच 'मुक्त जगा किंवा मरा' असं आहे. उंच डोंगर चढणाऱ्याला, दिवसाला चाळीस बिड्या ओढणाऱ्याला आपण अडवत नाही. मग बेल्ट न लावणाऱ्याला का अडवायचं?

याचं उत्तर मला एका पहाटे मिळालं. गळिताचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. देवदर्शन करून परतणारी एक गाडी मागून तिच्यात घुसली. गाडी चालवणारा तरुण बेल्टमध्ये होता. वळ, एक मोडलेला अंगठा, बाकी शुद्धीवर. शेजारी त्याची बायको, तिनेही बेल्ट लावलेला. मागे तिचे सासरे, झोपलेले, बेल्टशिवाय. सासरे जागीच गेले होते. सुनेच्या सीटची पाठ मोडली होती आणि तिला पाय हलवता येत नव्हते. मी तिच्या मानेला कॉलर लावत होतो, आणि तो तरुण माझ्या खांद्यामागे उभा राहून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता: 'पण डॉक्टर, हिने तर बेल्ट लावला होता ना?'

लावला होता. तिने तिचं काम केलं होतं. ताशी ५० च्या धडकेत सत्तर किलोचा मोकळा माणूस जवळपास टनभर जोराने पुढच्या सीटवर येतो, आणि पुढच्याचा बेल्ट समोरच्या धक्क्यासाठी असतो, मागून येणाऱ्या माणसासाठी नाही. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून तिथल्या संशोधकांनी २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की मागच्याने बेल्ट लावला नसेल तर पुढे बेल्ट लावून बसलेल्याचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो. तेव्हा 'माझी छाती' हा मुद्दा एकट्याने एकट्याच्या गाडीत बसणाऱ्यापुरता मी वादासाठी मान्य करीन. पण मागच्या सीटवर बसून तो मांडणाऱ्याने आधी पुढे कोण बसलंय ते बघावं. मामांच्या चलानमधला माणूस मागच्या सीटवरचा होता, आणि पुढे मामी होत्या.

आणखी एक शास्त्रीय वळणाचा आक्षेप आहे. १९७५ साली सॅम पेल्ट्झमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने म्हटलं, की सुरक्षिततेची साधनं मिळाली की चालक निर्धास्त होऊन बेफाम चालवतो, आणि आतला वाचला तरी बाहेरचा पादचारी मरतो. मला हा आक्षेप आवडतो, कारण तो माणसाच्या स्वभावाबद्दल खरं काहीतरी सांगतो. नवी मजबूत गाडी घेतलेला माणूस खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या त्या कुप्रसिद्ध एस वळणावर कसा उतरतो ते मी पाहिलंय. पण पुढची पन्नास वर्षं हा परिणाम नेमका किती, यावर अभ्यासक भांडत राहिले, आणि बेल्टने वाचणारे जीव त्या परिणामाने खाऊन टाकले असं काही सिद्ध झालं नाही. ब्रिटनमध्ये कायद्याआधी पुढच्या सीटवर चाळीसेक टक्के लोक बेल्ट लावत, कायद्यानंतर ते प्रमाण नव्वदीच्या पार गेलं. तरी रस्त्यावर हाहाकार माजला नाही. आणि मागच्या सीटवरच्या माणसाला तर हा आक्षेप लागूच पडत नाही. त्याच्या हातात ना स्टिअरिंग, ना पायाखाली ब्रेक. बेल्ट लावून निर्धास्त झाला तर फार तर काय करील? घोरेल.

मागची सीट म्हणजे सुरक्षित सीट, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. मान्यवर मागे बसतात, म्हातारे मागे, बाळंतीण मागे. ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. हायवे नव्हता, घाट नव्हता. राजधानीतला चौक आणि सकाळची वेळ. ते मागच्या सीटवर होते, बेल्टशिवाय, आणि धडकेत गेले. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. मागचा बेल्ट शोभेसाठी असतो या गैरसमजापायी मित्र गमावला, बेल्ट असता तर मुंडे वाचू शकले असते, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. परळीपासून मुंबईपर्यंत महाराष्ट्र हळहळला, मग घातपाताच्या चर्चा झाल्या, चौकशीची मागणी झाली. मागच्या सीटचा बेल्ट मात्र चर्चेतून आठवड्याभरात गळाला. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री त्यांच्यातले एक, बेल्टशिवाय होते आणि गेले. एवढी महागडी गाडी, एवढ्या एअरबॅग. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत गाडीतल्या सगळ्यांना बेल्टची सक्ती जाहीर झाली, तेव्हा लोक नवा नियम आला म्हणून कुरकुरले. मागच्या बेल्टचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत आधीपासूनच होता, आणि हजार रुपयांचा दंड २०१९च्या दुरुस्तीपासून. नवीन एवढंच होतं, की कुणीतरी तो वाचला.

मिस्त्रींच्या अपघातानंतर पुलाची रचनाही चर्चेत आली: पुलाच्या तोंडाशी रस्ता अरुंद होतो, कठडा पुढे आलेला. ही टीका रास्त होती. 'आधी रस्ते सुधारा' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाहीच, कारण वाईट रस्त्यांनी मोडलेली माणसं मीच उचलतो. रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, दुभाजकात गावकऱ्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी पाडलेली भगदाडं, पहिल्याच पावसात वाहून जाणारं डांबर, या सगळ्यांवर सरकारला धारेवर धरलंच पाहिजे. माझं भांडण त्यातल्या 'आधी' या शब्दाशी आहे. रस्ता वाईट असेल तर बेल्टची गरज वाढते की कमी होते? छप्पर गळतंय म्हणून कोणी छत्री फेकून देत नाही.

आणि वसुलीचं म्हणाल, तर नाक्यावरचा पोलीस सकाळी एक, संध्याकाळी एक वागतो हे मी नाकारणार नाही. पण राज्यकर्त्यांच्या अंमलबजावणीवरचा राग आणि मूळ गोष्टीची गरज, या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे पुण्याने फार पूर्वी, फार मोठी किंमत मोजून पाहिलंय. १८९७ च्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरात घुसून तपासण्या केल्या, देवघरं बाटवली, माणसांची अब्रू घेतली. त्यावरचा संताप खरा होता, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर तो चाफेकरांच्या गोळ्यांतून बाहेर आला. पण रँड जुलमी होता म्हणून प्लेग खोटा ठरला नाही. टिळकांनी त्या जुलमावर लेखणी चालवली, आणि त्याच वेळी शहर न सोडता प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ उभं केलं. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता त्याच वर्षी १० मार्चला प्लेगनेच गेल्या. सरकारला शिव्या देणं आणि स्वतःचं काम करणं या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात. आपण त्यातली एकच सोयीने उचलतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताने १९७० साली बेल्टसक्तीचा पहिला कायदा केला, तेव्हा ती मागणी लावून धरणाऱ्यांमध्ये तिथल्या शल्यविशारदांची संघटना पुढे होती. दंडाच्या पैशाशी त्यांचा काय संबंध? फाटलेली शरीरं शिवून शिवून ते थकले होते.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातले जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे, आणि वीसेक टक्के पायी चालणारे. बेल्ट हा चारचाकीवाल्याचा विषय आहे, ज्याच्याकडे मुळात सीट आहे त्याचा. वडापच्या (गावोगावी सीटवर भाडं घेऊन चालणाऱ्या) जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली असतात, त्यात दोघं मागच्या फळीवर उभी; त्यांना मी काय सांगू, बेल्ट लावा? २०१८ च्या एप्रिलमध्ये खंबाटकी उतरताना कर्नाटकातून कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो उलटला, डझनाहून जास्त माणसं गेली. मालाच्या टेम्पोत, हत्यारं-भांड्यांबरोबर. त्यांच्यासाठी सीटही नव्हती. शाळेच्या व्हॅनमध्ये तीनच्या बाकावर सहा पोरं बसवतात. तेव्हा बेल्टवरची चर्चा खाऊनपिऊन सुखी लोकांची आहे असं कुणी म्हटलं तर मी मान खाली घालतो. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? ज्यांच्याकडे बेल्ट नाही त्यांना तो किंवा निदान सीट मिळवून देण्यासाठी भांडायचं, की ज्यांच्याकडे आहे त्यांनीही तो न लावता समता साधायची? त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. त्या वर्षी बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं गेली: ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. बेल्ट लावला असता तर सगळी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. काही धडका अशा असतात की त्यात काहीच चालत नाही. त्यातला तिसरा हिस्सा जरी वाचला असता तरी साडेपाच हजार माणसं होतात. एक चांगलं नांदतं गाव.

आणि नशिबाचं काय? 'ज्याची भरली तो जाणार, डॉक्टर' हे मला मंडपातही ऐकावं लागलं. मला ते पटलं असतं, जर आपण खरोखर नशिबावर हवाला ठेवून बसणारे लोक असतो तर. पण नवी गाडी घेतली की आपण पेढे वाटतो, बोनेटवर स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू चिरडतो, दर शनिवारी बंपरला लिंबू-मिरची बदलतो. याचा अर्थ आपल्याला भीती वाटते आणि टळणारं टाळावं असंही वाटतं. विमानात हवाई सुंदरीने खुणावल्यावर सगळे मुकाट्याने बेल्ट लावतात. तिथे कोणी 'माझी छाती' म्हणत नाही. गाडीत मात्र आपण बेल्टला हरवण्यासाठी अफाट डोकं चालवतो. नाक्याच्या शंभर मीटर आधी पट्टा नुसता छातीवरून आडवा ओढून धरायचा, नाका गेला की सोडायचा. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांत पुढच्या सीटसाठी इशाऱ्याची पिपाणी आली, तर ती बंद करायला बकलमध्ये खुपसायची एक चिमुकली क्लिप बाजारात आली. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकायला मनाई केली तेव्हा १३,११८ नोंदी काढून टाकाव्या लागल्या. शंभर-दीडशे रुपये मोजून लोक आपल्या जिवावरची घंटा बंद करत होते.

या सगळ्यात मला सर्वात जास्त चीड आणणारी वस्तू मात्र अगदी निरुपद्रवी दिसते. सीटकव्हर. गाडी घरी आली की आठ दिवसांत तिला कव्हरं चढतात, आणि चढवणारा कारागीर मागच्या सीटची तिन्ही बकलं कव्हराखाली दाबून टाकतो, कारण वरून सपाट, छान दिसतं. ज्यांना मागे बेल्ट लावायचा आहे त्यांनाही मग तो लावता येत नाही. पट्टा ओढायचा, त्याची धातूची जीभ हातात धरायची, आणि सीटच्या फटीत बोटं घालून बकल चाचपडत बसायचं. दोन मिनिटांत माणूस कंटाळून सोडून देतो. सोडून देताना तो बेशिस्त नसतो, बेफिकीरही नसतो, त्याला फक्त बकल सापडत नाही. परिवहन खात्याने कव्हर विकणाऱ्यांना आणि बसवणाऱ्यांना बकल उघडं ठेवण्याची सक्ती केली, तर हजार चलानांनी होणार नाही तेवढं काम होईल असं मला वाटतं.

त्या दिवशी मंडपातून निघताना मामांच्या गाडीत मागे बसायची पाळी माझी होती. अपेक्षेप्रमाणे बकल गायब. मी डेकोरेशनवाल्याकडून झालर कापायचं ब्लेड मागून आणलं आणि जिथे तीन उंचवटे हाताला लागत होते तिथे कव्हराला तीन उभ्या चिरा मारल्या. मामी पुढून ओरडल्या, 'अहो, काय करता! दिवाळीतच घातलंय, साडेचार हजारांचं!' साताऱ्यापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा गाडी दारात उभी होती. मामींनी गावातल्या शिंप्याकडून त्या तिन्ही चिरांना शर्टाला करतात तशी काजं करून घेतली आहेत, लाल दोऱ्याने, आणि बकलं त्यातून बाहेर आली आहेत.